साउंडमधल्या ‘एन्व्हलप’ला मराठीत काय म्हणायचं?

जुन्या बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर (१९८१) टिपण लिहितोय. त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साउंड आणि एन्व्हलप अशा दोन कमांड होत्या. साउंडने सूर वाजवायचा, एन्व्हलपने तो कसा उठेल आणि विझेल ते ठरवायचं. साउंड सोपी, चार आकडे द्यायचे. साउंड १, १, ५३, २० म्हणजे पहिला चॅनल, पहिला एन्व्हलप, ५३ म्हणजे मधला सी हा सूर आणि २० म्हणजे एक सेकंद, कारण वेळ सेकंदाच्या विसाव्या भागात मोजायचे. एन्व्हलपला मात्र चौदा आकडे! अडलंय ते शब्दावर. लिफाफा लिहिलं तर पोस्टातला वाटतो, पाकीट लिहिलं तर कोणीतरी मारेल.

प्रतिसाद: आवरण?

प्रतिसाद: छे, इथे झाकायचंय काय? सूर कसा उठतो, किती उतरतो, कुठे थांबतो, कसा विझतो एवढंच तर आहे. मी ‘चढउतार’ म्हणेन. अटॅक उठाव, डिके उतार, सस्टेन टिकाव, रिलीज... इथे माझीच गाडी अडली.

प्रतिसाद: चढउतार नको, वाचणाऱ्याला सूरच वरखाली गेल्यासारखा वाटेल, आणि बीबीसीत तेही आहे ना, चौदातले सहा आकडे पिच म्हणजे सुराची उंची हलवायला आणि सहा आवाज कमीजास्त करायला. रिलीजला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे, आस. तंबोऱ्याच्या तारेवरून बोट निघाल्यावर मागे रेंगाळते ती.

धागाकर्ता: मग सस्टेनलाच आस का नको?

प्रतिसाद: पेटी आठव. पट्टी दाबलेली, भाता चालू, तोवर सूर हलत नाही, तो टिकाव. पट्टी सोडली की खलास, आस नाहीच. बीबीसीत नोटचा वेळ संपल्यावर रिलीज सुरू व्हायचा पण त्याच चॅनलवर पुढची नोट रांगेत असेल तर मधेच तुटायचा. एकाच तारेवर लगेच दुसरा आघात केला की आधीची आस मरते ना, अगदी तसंच.

धागाकर्ता: पटलं. कमांडचं नाव एन्व्हलपच ठेवतो, आत उठाव, उतार, टिकाव, आस.

प्रतिसाद: याच मशीनला म्युझिक ५०० नावाचा सिंथ (सिंथेसायझर) जोडायचे, त्याची अँपल ही भाषा फोर्थ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या वळणाची, आपले शब्द आपणच बनवायचे. तिथे सरळ ‘आस’ नावाचा शब्द करून टाकला असता.