आईच्या पांढऱ्या पेशी २१००. वाढवायला काय द्यायचं?

तगमग
आईला परवापासून ताप. आज सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) केला, पांढऱ्या पेशी २१०० आल्यात. रिपोर्टवर ४००० ते ११००० छापलंय. आमचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर काय देऊ? लवकर सांगा प्लीज.

सांजवात
वय? ताप किती? बाकीचे आकडे? एवढ्यावरून काय सांगणार?

कोकणमेवा
पपईच्या पानांचा रस, दोन-दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. आमच्या ह्यांच्या पेशी ४० हजारांवरून तीन दिवसांत लाखावर गेल्या.

सांजवात
ताई, त्या प्लेटलेट. इथे पांढऱ्या पेशींचं चाललंय. आणि डेंग्यू ओसरला की प्लेटलेट आपल्या आपणच वर येतात, नाव होतं पपईचं.

कोकणमेवा
ज्याने कधी पिऊन बघितला नाही त्याने बोलू नये.

रातपाळी
लॅबमध्ये कामाला आहे, डॉक्टर नाही. डेंग्यू-टायफॉईडमध्ये पांढऱ्या पेशी उतरलेल्या रोज बघतो, त्यामुळे नुसत्या २१०० ने घाबरू नका. त्याखाली न्यूट्रोफिल किती टक्के आहेत ते टाका. त्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, जंतूंवर पहिल्यांदा त्याच धावून जातात.

बंडोपंत
माझ्या १४००० आल्या होत्या. दम्यासाठी स्टेरॉईड चालू होतं, त्याने वाढतात हे नंतर कळलं. तोवर बायकोने कॅन्सर समजून दोन रात्री रडून काढल्या. अवांतर: तुमच्याकडे सीबीसीचे किती घेतात?

रातपाळी
पंत, इथे कमी झाल्यात.

तगमग
न्यूट्रोफिल १८, लिम्फोसाइट ७४. प्लेटलेट २ लाख १०. वय ५८. ताप १०१. घसा इतका दुखतोय की पाणीही गिळवत नाही.

रातपाळी
२१०० चे १८ टक्के म्हणजे ३७८. हा आकडा ५०० च्या खाली असला की आम्ही थेट डॉक्टरांना फोन लावतो. तुम्हाला लॅबमधून फोन नाही आला? केमो वगैरे चालू आहे का?

तगमग
छे हो. फक्त थायरॉईडची गोळी, दोन महिने झाले.

कोकणमेवा
मी बारा वर्षं घेतेय, काही होत नाही त्याने. रिकाम्या पोटी घ्यायची बस.

सांजवात
थांबा. थायरॉईड कमी आहे की जास्त? पाकिटावरचं नाव वाचा.

तगमग
वजन उतरलं होतं, हात थरथरायचे. कार्बिमाझोल लिहिलंय.

सांजवात
मग सोमवार विसरा. ही थायरॉईड जास्त असलं की देतात ती गोळी, कोकणमेवाताईंची वेगळी. मी दीड वर्ष घेतलीये ही. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी तयार होणंच थांबतं, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. घसा धरला, ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुढची गोळी देऊ नका. पाकीट आणि रिपोर्ट घेऊन आत्ता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

तगमग
आम्हाला कुणी बोललं नाही. निघतोय.

तगमग
ॲडमिट केलं. सलाईनमधून अँटिबायोटिक आणि पेशी वाढायचं इंजेक्शन सुरू आहे. ती गोळी कायमची बंद म्हणाले. उद्या परत सीबीसी.

कोकणमेवा
देवाची कृपा. घरी आल्या की पपईचं बघा हो.

बंडोपंत
सीबीसीचे किती ते राहिलंच.