मदत हवी आहे : डिसेंबर ते मेच्या हंगामासाठी नट निवडायचे आहेत, ऑडिशन कशी आखावी?

रंगपट :
नमस्कार. कुडाळात आमची छोटी व्यावसायिक नाट्यसंस्था आहे. येत्या डिसेंबर ते मे तीन नाटकं काढतोय: सहा पात्रांचा मालवणी फार्स, प्रमाण मराठीतलं एक दोनपात्री आणि उन्हाळी सुट्टीसाठी बालनाट्य. तिन्हींत मिळून सात नट हवेत, चार पुरुष आणि तीन स्त्रिया. म्हणजे बहुतेकांना दोन नाटकं करावी लागतील. शिवाय बालनाट्यासाठी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. प्रयोगाला नाईट (दर प्रयोगाचं मानधन), तालमीला भत्ता आणि प्रवासखर्च देणार आहोत. साठेक जण येतील असा अंदाज आहे.

ऑडिशन कोणत्या महिन्यात ठेवावी? एकेकाला किती वेळ द्यावा? दशावतारातले (आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य) नट नक्की येतील, त्यांचं काम कसं पारखायचं? फार्ससाठी मालवणीची अट घालावी का?

विंगेतून :
आधी तारखा बघा, मग अभिनय. आपल्याकडे चांगला नट हातचा जातो तो बहुतेक वेळा तारखांपायी. शेतातली लावणी आटोपली की लगेच, आणि गणेश चतुर्थीच्या निदान तीन आठवडे आधी ऑडिशन उरका. चतुर्थीत कोणी घर सोडत नाही, पुढे भातकापणी येते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी हौशी संस्थांतले चांगले नट बांधलेले असतात. पावसाचे दिवस असल्यामुळे पत्र्याच्या छपराचा हॉल मात्र घेऊ नका. सर आली की कुणाचाच आवाज कळत नाही आणि नट उगाच ओरडायला लागतो.

अर्जासोबत डिसेंबर ते मेचं कॅलेंडर द्या. न जमणाऱ्या दिवसांवर फुल्या मारून घ्या, खाली सही घ्या. ‘तारखा जमतील ना?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. फुली मारायला बसलं की गावची जत्रा, शिमगा, घरचं लग्न, बारावीचे पेपर सगळं आठवतं. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर कॅलेंडरात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. मालवणकडच्या नटांना ती वेगळी विचारा, आणि तारीख जाहीर झाली की त्या दिवशी प्रयोग लावूच नका.

एकेकाला दहा मिनिटं पुरतात. दोन मिनिटं त्याचा स्वतःचा उतारा, तीन मिनिटं तुम्ही दिलेला प्रवेश, मग एक सूचना देऊन तोच प्रवेश पुन्हा, उरलेल्या वेळात प्रश्न आणि तुमची नोंद. तासाला सहा, साठ जणांना दहा तास. म्हणजे पाच-पाच तासांचे दोन दिवस. याहून जास्त एका दिवसात कोंबलं तर संध्याकाळी आलेल्यांवर अन्याय होतो, परीक्षकांचे कान थकलेले असतात. दोडामार्ग, देवगडकडच्या लोकांना दुपारच्या वेळा द्या, त्यांची परतीची एसटी चुकता कामा नये.

सगळ्यात महत्त्वाची ती सूचनेनंतरची दुसरी फेक. स्वतःचा उतारा घोटून आलेला असतो, त्यावरून तयारी कळते, पुढे वाढेल का ते कळत नाही. ‘आता हेच बोल, पण समोरच्याला तुझं खोटं कळता कामा नये’ अशी सूचना द्या. बोलणं बदललं तर नट तालमीत वाढणार. आवाज तेवढा वाढला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर तालमीतही तुम्हाला तेच मिळेल.

प्रवेश दीड पानाचा, मधे वळण असलेला निवडा आणि चार दिवस आधी पाठवा. रडारडीचा किंवा भांडणाचा नको, त्यात सगळे सारखेच वाटतात. समोर वाचायला दोन्ही दिवस एकच माणूस बसवा, नाहीतर तुलनाच होत नाही. दिग्दर्शकाने वाचू नये. त्याची नजर कागदावर राहते. एकाने शेवटच्या रांगेत बसून वाक्यांचे शेवट ऐकू येतात का तेवढंच टिपावं. बरेच नट क्रियापद गिळतात, आणि मराठीत अख्खा अर्थ तिथे असतो.

पेटीजवळ :
दशावताराबद्दल. मंडळाचा बांधील नट कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास बाहेर पडतो तो उन्हाळ्यापर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या जत्रेत उभा असतो. तुमचा हंगाम आणि त्याचा हंगाम एकच. त्यामुळे यंदा मंडळात आहे की मोकळा, हे आधी स्पष्ट विचारा. दोन्ही सांभाळतो म्हणाला तरी घेऊ नका. रात्रभर जागलेला माणूस दुपारच्या तालमीला उभा राहू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मोकळा असेल तर त्याला लिखित उताऱ्यापासून सुरुवात करायला लावू नका. तिथे संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलं की नट उभ्या उभ्या रचतो. आधी प्रसंग द्या: सावकार दारात आहे, घरात पैसे नाहीत. दोन मिनिटं त्याच्या पद्धतीने करू द्या, ताकद लगेच दिसेल. मग तोच प्रसंग लिहून तयार ठेवलेल्या दहा ओळींत करायला सांगा. बघायचं इतकंच की समोरच्याला ठरलेला शेवटचा शब्द तो देतो का. तो शब्द आला नाही की समोरचा नट अडकतो, आणि फार्समध्ये एक दार चुकीच्या वेळी उघडतं.

दुसरी अडचण नजरेची. बाकासमोर उभं राहून प्रेक्षकांकडे बोलायची त्यांना सवय असते. फार्समध्ये ते थोडं खपतं, दोनपात्रीत अजिबात नाही. दोघांच्या मधे एक स्टूल ठेवा, त्यावर पाण्याचा तांब्या, आणि तो समोरच्याला देता देता बोलायला सांगा. हात गुंतले की मान आपोआप वळते. ज्याची वळली तो शिकेल.

मालवणीची अट घालू नका, कान तपासा. पाच ओळी म्हणून दाखवा आणि लगेच म्हणवून घ्या. शब्द चुकले तर चालतील, हेल पकडला पाहिजे. रत्नागिरीकडचा नट संगमेश्वरी हेलात मालवणी शब्द घालतो. कुडाळचा प्रेक्षक ते पहिल्या वाक्यात ओळखतो.

रंगपट :
फार मदत झाली. दुसऱ्या फेरीला किती जण बोलवावेत? आणि मुलीचं काय?

विंगेतून :
सात जागांना चौदा-पंधरा. ती फेरी जोड्यांची करा. जमिनीवर चिकटपट्टीने दोन दारं आखा आणि तीच दोन पानं जोड्या बदलून घ्या. एकटा छान दिसणारा नट जोडीत दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत घुसतो, ते इथेच दिसतं. दोनपात्रीचे दोघे आधी ठरवा, मग फार्स भरा. आणि दोन्ही नाटकांच्या पहिल्या प्रयोगांत निदान सहा आठवडे ठेवा, नाहीतर दोन्हीकडे असलेले नट पाठांतरातच मरतील.

मुलीची ऑडिशन पालक खोलीत असतानाच घ्या. पाठांतर नको, एक खेळ सांगा आणि नियम मधेच बदला. बालकलाकाराला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि तिच्या मानधनाचा निदान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. कागद ऑक्टोबरातच सुरू करा.

पेटीजवळ :
निकाल आठ दिवसांत कळवा, नाही म्हणायचंय त्यांनाही. स्त्री-भूमिकांसाठी एकेक नाव राखीव ठेवा आणि त्या बाईंना ‘राखीव आहात, अमुक तारखेपर्यंत’ असं स्पष्ट सांगा. त्या तारखेनंतर त्यांना मोकळं करायचं, मग आपली कितीही अडचण होवो.