मदत हवी आहे: क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर उरलेला संघ कसा बसवावा?

नमस्कार. मी मिनिॲपोलिसजवळ राहतो आणि बारा वर्षांखालील मुलामुलींच्या फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचा एक प्रकार) संघाला शिकवतो. गेल्या आठवड्यात आमची क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन इतरांना पास देणारी खेळाडू, सायकलवरून पडली, तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी तिला सहा आठवडे खेळायला मनाई केली आहे. हंगामाचे उरलेले पाचही सामने याच काळात आहेत आणि नावनोंदणी बंद झाल्यामुळे बाहेरून कोणाला घेता येत नाही. उरलेल्या नऊ जणांतूनच संघ बसवायचा आहे.

खेळ अपरिचित असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर प्रत्येक बाजूचे पाच जण असतात, कोणी कोणाला पाडत नाही, चेंडू असलेल्याच्या कमरेची लटकती पट्टी, म्हणजे फ्लॅग, ओढला की खेळी संपते. आमच्या नियमांनुसार क्वार्टरबॅकने सात सेकंदांच्या आत पास द्यावा लागतो आणि त्याला स्वतः चेंडू घेऊन आरंभरेषेपलीकडे (खेळी जिथून सुरू होते ती रेषा) धावता येत नाही.

माझ्यापुढे दोन मुले आहेत. पहिला आमचा सर्वोत्तम रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. त्याचा हात दणकट आहे, पण स्नॅप (खेळी सुरू करताना सेंटर मागे देतो तो चेंडू) हातात आल्यापासून त्याची नजर एकाच गड्यावर खिळते, आणि तो क्वार्टरबॅक म्हणून मागे उभा राहिला तर लांबचा पास झेलणार कोण, हा प्रश्न उरतोच. दुसरा मुलगा आजवर बहुतेक वेळ राखीव बसला आहे. पंधरा यार्डांच्या पुढे त्याचा चेंडू हवेत डळमळतो. मात्र मनगटपट्टीवर लिहिलेल्या आमच्या बाराही ठरलेल्या खेळी त्याला तोंडपाठ आहेत आणि परवाच्या सरावात चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या सेंटरला त्यानेच हळूच खुणेने हलवले.

आमच्या गावच्या वायकिंग्ज या व्यावसायिक संघाने हे दुखणे दोनदा भोगले आहे. 2016 मध्ये हंगामाच्या तोंडावर त्यांचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटरचा गुडघा सरावात निखळला. व्यवस्थापनाने चारच दिवसांत पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडण्याचा हक्क देऊन सॅम ब्रॅडफर्डला आणले, पहिले पाच सामने जिंकले आणि अखेर 8-8 (आठ विजय, आठ पराभव) वर थांबले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये क्वार्टरबॅक कर्क कझिन्सच्या टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला. दोन दिवसांनी आलेल्या जोशुआ डॉब्जने त्याच आठवड्यात अटलांटाविरुद्ध सामना जिंकून दिला, तेव्हा आम्ही घरात अक्षरशः ओरडत होतो. पण त्या हंगामात एकूण चार क्वार्टरबॅकना सामन्यांची सुरुवात करावी लागली आणि संघ 7-10 वर राहिला. उलट फिलाडेल्फियाच्या संघाने 2017 च्या डिसेंबरमध्ये क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जखमी झाल्यावर आधीपासून संघात असलेल्या निक फोल्सच्या हाती सूत्रे दिली आणि त्याने आमच्याच शहरात सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. व्यावसायिक संघाची मुलांच्या संघाशी तुलना मर्यादितच लागू पडते, हे मला मान्य आहे. तरीही एक जागा भरताना दुसरी चांगली जागा मोडू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून माझा कल दुसऱ्या मुलाकडे आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे: हात कमजोर असलेल्या क्वार्टरबॅकसाठी बारा खेळींपैकी किती ठेवाव्यात? सेंटरलाही पास घेता येतो, तेव्हा त्याला पाच-सहा यार्डांवर वळवून झटपट पास देण्यावर आक्रमण उभे करावे का, की प्रतिस्पर्धी दोन सामन्यांतच ते ओळखून पुढे सरकतील? दोघांना आलटून पालटून खेळवल्याचा कोणाला अनुभव असल्यास तोही वाचायला आवडेल. मला भीती वाटते की त्यामुळे दोघांचाही सेंटरशी मेळ बसणार नाही.

शेवटचे विचारणे जखमी मुलीबद्दल आहे. हाताला प्लॅस्टर असूनही तिला सरावाला यायचे आहे. तिने कडेला उभे राहून खेळी निवडाव्यात आणि मी त्या हडलमध्ये (खेळीआधी खेळाडू एकत्र जमतात तो घोळका) पोहोचवाव्यात, असा माझा विचार आहे. पण यामुळे नव्या क्वार्टरबॅकवर दडपण येईल का? पुढचा सराव बुधवारी संध्याकाळी आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.