छावणीतल्या शाळेत दंतवैद्य नाही, मुलांच्या दातांसाठी शाळा काय करू शकते?

पाटीपेन्सिल

नमस्कार. निर्वासित कुटुंबांच्या छावणीतल्या शाळेत मी लहान मुलांना शिकवते. प्रश्न दातांचा आहे, पण तो रोज शिकवण्याच्या आड येतो.

वर्गात एक आठ वर्षांचा मुलगा आहे, गणितात सगळ्यांच्या पुढे. मधल्या सुट्टीत पौष्टिक बिस्किटं मिळतात. हा आपलं बिस्किट पाण्यात टाकतो, लगदा होईपर्यंत थांबतो आणि गिळून टाकतो. चावत नाहीच. त्याच्या उजवीकडच्या खालच्या दाढेची नुसती कड उरली आहे, आत तपकिरी खड्डा. शेजारी हिरडीवर पिवळसर पुळी येते, फुटते, पुन्हा भरते. फुटली की दोन दिवस पोरगं हसतं-खेळतं. भरली की बाकावर गाल टेकून बसतं, आणि तेव्हा त्याला सोप्या बेरजाही जमत नाहीत. त्याच्या चार वर्षांच्या बहिणीचे वरचे पुढचे दात हिरडीपर्यंत झिजून काळे पडले आहेत. ती हसताना तोंडावर हात धरते. चार वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल?

ही दोनच मुलं नाहीत. पहिल्या तासाला पेंगणाऱ्यांना विचारलं तर निम्मी सांगतात की रात्री दाढ ठणकत होती.

वडिलांशी बोलले. ते म्हणाले, दुधाचे आहेत, पडतील. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. घर सोडताना कागदपत्रं आणि पोरं उचलली, ब्रश कोण घेणार? इथे शिध्यात साखर मिळते, आणि भूक मारायला दिवसभर गोड चहा. आरोग्य केंद्रात ताप, बाळंतपणं, लसी यांतूनच कुणाला फुरसत नाही. दातांचं फिरतं पथक कधीतरी येतं आणि दात उपटून जातं.

दुधाच्या दातांकडे खरंच दुर्लक्ष केलं तर चालतं का? आमच्याकडे पाणी मोजून मिळतं, मग शाळेत दात घासून घ्यायचे कसे? आणि कीड थांबवणारं काळं औषध असतं असं ऐकलं, ते खरं आहे का?

मोगरा

पाटीपेन्सिलताई, मी मुलांची दंतवैद्य आहे आणि काही वर्षं अशा फिरत्या पथकांत काम केलं आहे. तुम्ही पुळीचं जे वर्णन केलंत ते आधी घेते.

ती पुळी म्हणजे दाताच्या मुळाशी साठलेल्या पुवाने बाहेर पडायला काढलेली वाट. फुटली की दाब जातो म्हणून दुखणं थांबतं, आजार थांबत नाही. नुसत्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही, कारण जंतूंचं घर दाताच्या आत आहे. त्या दाढेवर उपचार हवेत किंवा ती काढायला हवी. पथक येईल तेव्हा हा मुलगा रांगेत पहिला असू द्या. मात्र ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर पथकाची वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

दुधाचे दात पडणार हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे अख्खी प्राथमिक शाळा मूल त्यांच्यावर जेवतं. त्याहून महत्त्वाचं, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कुणाला कळत नाही, आणि तीही दुधाचीच समजून सोडून दिली जाते. आठ वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ सगळ्यात मागची असेल तर ती बहुधा हीच. पथकाला हे आवर्जून बघायला सांगा. घाईत उपटली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.

आता चहा. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजं थोडी परतही आणते, पण तिला वेळ लागतो. दर थोड्या वेळाने गोड घोट गेला तर तो वेळ मिळतच नाही. म्हणून साखर किती यासोबत ती दिवसातून किती वेळा हे फार मोजायला हवं. साखर बंद करा असं त्या आईला मी कधीच सांगणार नाही, तिच्याकडे पोट भरायला दुसरं काय आहे? गोड ते जेवणासोबत द्या आणि झोपताना तोंडात गोड काही राहू देऊ नका, एवढंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा जगभरचा आकडा ५१ कोटींच्या वर आहे. हा या आयांचा हलगर्जीपणा नव्हे.

काळं औषध खरं आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. यंत्र नको, वीज नको, सुई नको. खड्डा पुसून कोरडा करायचा, थेंबभर लावायचं. बहुतेक खड्ड्यांमधली कीड तिथेच थांबते, पुन्हा लावल्यावर खात्री वाढते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पण ते प्रशिक्षित माणसानेच लावायचं, पू झालेल्या दाताला लावायचं नाही, आणि किडलेला भाग कायमचा काळा होतो हे आईवडिलांना आधी सांगायचं.

खड्डा बुजवायलाही यंत्र लागतंच असं नाही. हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली. फक्त दात उपटून जाणाऱ्या पथकांचा मला मनापासून राग येतो. हे दोन्ही उपचार त्यांच्या पेटीत मावतात.

चाफेकळी

मी डॉक्टर नाही. अशाच एका शाळेत रोजचं दात घासणं बघते, म्हणून पाण्याबद्दल सांगते.

पाणी जवळजवळ लागतच नाही! घासायचं, थुंकायचं आणि चूळ भरायची नाही. दातांवर पेस्टचा जो पातळ थर राहतो तोच पुढे काम करतो. आम्ही अंगणात एक खड्डा खणला आहे, सगळी तिथे थुंकतात, वरून माती टाकतो.

पेस्ट वाटायची रीत महत्त्वाची. ट्यूब कधीही ब्रशला टेकवायची नाही. मी एका ताटलीच्या कडेने पेस्टचे सुटे ठिपके काढते, प्रत्येक मूल आपल्या ब्रशने आपला ठिपका उचलतं. लहानांना वाटाण्याएवढा, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढा. ब्रशवर नाव आणि प्रत्येकाची खूण, कारण भावंडं घरी एकच ब्रश वापरतात आणि ती सवय इथेही येते. ब्रश उभे, एकमेकांना न टेकता, हवेशीर ठेवायचे. ओले असताना डबीत बंद केले तर बुरशी धरते.

देणगीत आलेली पेस्ट वाचून बघा. आमच्याकडे एकदा खोकीच्या खोकी आली, वर फळांची चित्रं आणि आत फ्लोराइडचा पत्ता नाही. १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं हवं. देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, मागाहून काही होत नाही.

फिलिपिन्समधल्या शाळांत हात धुणं आणि दात घासणं रोज एकत्रच करून घेतात, स्कॉटलंडमध्ये २००६ पासून बालवाड्यांतून दात घासून घेतात. कुणाला सांगायची वेळ आली तर हे सांगा, वरिष्ठ लवकर ऐकतात.

सिस्टर

छावणीतल्या दवाखान्यात नर्स होते. एकच गोष्ट सांगते, कारण ती शिक्षकांच्या नजरेला आधी पडते. खूप कुपोषित किंवा नुकताच गोवर झालेलं मूल, हिरडीवर व्रण, तोंडाला असह्य घाण वास आणि गाल सुजलेला असेल तर त्याला साधी दाढदुखी समजू नका. नोमा नावाचा आजार असू शकतो. बहुतेक दोन ते सहा वर्षांच्या मुलांना होतो आणि काही दिवसांत गालाचं मांस आणि हाड खातो. सुरुवातीलाच अँटिबायोटिक, तोंडाची स्वच्छता आणि पोषण मिळालं तर मूल वाचतं. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दुर्लक्षित आजारांत नोंद केली. हा आजार फार थोड्यांना होतो, पण अशा मुलाला उद्यावर टाकू नका.

पाटीपेन्सिल

तिघींचेही मनापासून आभार. ताटलीची युक्ती उद्यापासूनच करते.

मोगराताई, त्या धाकटीचं काय करू? पुढचे दात काळे करायचे म्हटलं तर आई तयार होईल का, आणि मुलगी तोंड उघडेल का? मास्क लावलेलं माणूस दिसलं की ती टेबलाखाली शिरते. येताना काय बघितलंय तिने, देव जाणे.

मोगरा

तिचे दात आत्ताच काळे आहेत ना, मग आईशी बोलणं सोपं जाईल. पथकाकडे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो असतात, ते मागून घ्या. आई नाही म्हणाली तर तो तिचा अधिकार आहे. मुळं तेवढी उरली असतील तर कदाचित ती काढणंच बरं, ते तपासल्यावर कळेल. दुभाष्या मोठा माणूस हवा. मोठ्या भावाला दुभाषी करू नका, वाईट बातमी त्याच्या तोंडून आईला जायला नको.

मुलीला खुर्चीवर आडवं करू नका. आईच्या मांडीवर बसू दे, डॉक्टरने मास्क लावण्याआधी तिला चेहरा दाखवावा, वस्तू हातात देऊन बघू द्याव्यात. तिने हात वर केला की थांबायचं हे आधी ठरवा, आणि खरोखर थांबा, तिने उगाच वर केला तरी. पहिल्या दिवशी नुसते दात मोजले तरी पुष्कळ झालं. हा मोजण्याचा खेळ तुम्ही वर्गात आधीच सुरू करा, सगळ्यांबरोबर तीही तोंड उघडेल.

पथक कधी येणार ते कळलं की इथे लिहा. त्यांच्याकडे काय काय मागायचं ते मी मुद्देसूद लिहून देते, तुम्ही आरोग्य केंद्रामार्फत आधीच कळवा.