ग्लास मी उचलला तर ट्रे हलत नाही, पाहुण्याने उचलला की उडतो. असं का?

पन्हंवाला

मंडळी, नऊ वर्षं झाली, केटरिंगमध्ये वाढपी आहे. सांगली-मिरज पट्टा. गेल्या लग्नसराईत एका कार्यालयात पन्ह्याचा ट्रे घेऊन फिरत होतो. डावा तळहात खाली, वर बारा ग्लास. एका मामांनी गप्पांच्या नादात दोन्ही हातांनी दोन ग्लास एकदम उचलले. माझा हात टुणकन वर, एक ग्लास कलंडला तो नेमका वरमाईच्या पैठणीवर. बोलणी मी खाल्ली, मामा नामानिराळे.

घरी येऊन ताटलीत भरलेला तांब्या ठेवला आणि ताटली डाव्या हातावर घेतली. उजव्या हाताने मीच तांब्या उचलला, डावा हात जागच्या जागी. दहादा केलं. डोळे मिटूनही तेच. मग बायकोला उचलायला लावला, दर वेळी हात उडाला. ती "एक, दोन, तीन" म्हणून उचलायची तरी उडायचा! कधी उचलणार हे पक्कं ठाऊक असताना हाताला का कळत नाही? की आपण नुसते थकलेले आहोत?

फिजिओताई

दादा, थकलेले नाही. तुम्ही स्वयंपाकघरात जे केलंत तेच ह्यूगाँ, मासियों आणि वीजेनडांगर या तिघांनी स्नायूंना तारा लावून केलं आणि १९८२ साली छापलं. त्यांच्याकडे तांब्या नव्हता एवढाच फरक.

ताटली पेलताना डाव्या दंडाचा पुढचा स्नायू सतत वर जोर लावत असतो. बायकोने तांब्या काढला की वजन जातं, जोर मात्र तसाच राहतो. वजन गेल्याची वर्दी हातातून वर जाऊन 'सैल हो' असा निरोप परत येईपर्यंत सेकंदाचा छोटासा अंश जातो, आणि पन्हं सांडायला तेवढा पुरतो. तुम्ही स्वतः उचलता तेव्हा मेंदू वर्दीची वाट बघत नाही. उजव्या हाताला 'उचल' सांगतानाच डाव्या दंडाला 'ढील दे' सांगतो. हे दोन हुकूम जोडीने सुटतात, म्हणून डोळे मिटले तरी चालतं. "एक, दोन, तीन" ऐकून वेळ कळते, पण ती जोडी जमत नाही. लोकांना स्वतः बटण दाबून वजन काढायला लावलं, तरी सुरुवातीला हात उडतोच.

आता एक गंमत करा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला चिकटवून उभे राहा आणि डावा पाय उचला. नाही उचलणार. पाय उचलण्याआधी धड उजवीकडे झुकवून भार उजव्या पायावर घ्यावा लागतो, आणि तिथे भिंत आडवी येते. एरवी ही तयारी आपल्या लक्षातही येत नाही. मॉस्कोच्या संशोधकांनी १९६७ सालीच दाखवलं होतं की उभ्या माणसाने हात झटकन वर करायचा म्हटलं तर आधी पायांचे स्नायू कामाला लागतात.

माझ्याकडे पार्किन्सन्सचे आजोबा येतात, दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळतात. "चला, चला" म्हणून उपयोग नसतो. आधी डावीकडे-उजवीकडे डोलायला लावते, भार सरकला की पाऊल सुटतं. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या तर पुष्कळांना त्या ओलांडत जाता येतं.

बोरूबहाद्दर

म्हणजे आपण ठरवायच्या आधीच मेंदूने सगळं ठरवलेलं असतं! अमेरिकेतल्या लिबेट या मेंदू-संशोधकाने १९८३ मध्ये हे सिद्ध केलंय. मग त्या मामांना तरी दोष का द्यायचा?

जुना_टेपवाला

बोरूबहाद्दर, जरा दमानं. मी तीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, म्हणून ही गोष्ट माझ्या आवडीची. जर्मनीत फ्रायबुर्गला १९६४ साली कोर्नहूबर आणि त्यांचा विद्यार्थी डेके यांना माणूस आपणहून बोट हलवतो त्याच्या आधी मेंदूत काय चालतं ते बघायचं होतं. अडचण अशी की बोट कधी हलणार हे आधी कुणाला ठाऊक? दिवा दाखवून हलवायला सांगितलं तर ते आपणहून राहत नाही. शिवाय मेंदूतली विजेची लहर इतकी बारीक की बाकीच्या गोंगाटात बुडून जाते. त्यांनी सगळं टेपवर घेतलं आणि टेप उलटी चालवली! बोट हललं तिथून मागे मागे जायचं आणि शेकडो वेळच्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढायची. हालचालीच्या सेकंदभर आधीपासून हळूहळू चढत जाणारी लहर तेव्हा कुठे दिसली. हा माझ्या मते त्या शतकातला टेपचा सर्वांत हुशार वापर. गाणी कोणीही वाजवतं.

लिबेटने प्रयोगात घेतलेल्या माणसांत ती लहर हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू झाली आणि 'आता हलवू' ही इच्छा जाणवल्याची वेळ त्यांनी सांगितली ती ०.२ सेकंद आधीची. इथवर तुमचं बरोबर. पण शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळा हिशेब मांडला. मेंदूत चढउतार सतत चालूच असतात, त्यातला एखादा चढ उंबरठ्यापाशी पोचला की बोट हलतं. आपण फक्त हललेल्या वेळचे तुकडे जमवून सरासरी काढतो, म्हणून मागे बघताना ती पद्धतशीर तयारी वाटते. वाद अजून चालू आहे. 'सिद्ध' हा शब्द मागे घ्या.

आणि मामांना दोष द्याच. दोन्ही हातांनी उचलतात होय?

पन्हंवाला

ताई, काका, आभारी आहे. आता कोणाचा हात ट्रेकडे आला की मीच उजव्या हाताने ग्लास उचलून देतो. ट्रेत आठच ठेवतो, मालक कुरकुरतो.

भिंतीचा प्रयोग आमच्या मुख्य आचाऱ्यावर केला. पाच मिनिटं घाम गाळला, पाय काही उचलेना. भिंत बदलून बघितली. शेवटी म्हणाला, "दोन्ही भिंती ओल्या आहेत."