वॅटला कल्पना सुचली १७६५ मध्ये, यंत्र चालले १७७६ मध्ये: मधली वर्षे कशात गेली?

जिज्ञासू (प्रश्न)

थॉमस न्यूकोमेनचे वाफेचे यंत्र १७१२ मध्येच इंग्लंडमधील डडलीजवळ कोळशाच्या खाणीतून पाणी उपसत होते. त्यात सिलिंडर वाफेने भरला जाई, आतच थंड पाण्याचा फवारा सोडला जाई आणि वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण झाली की वातावरणाचा दाब दट्ट्याला खाली ढकली. दर फेरीला सिलिंडर तापवण्यात आणि थंड करण्यात कोळशाची नासाडी होते, हे जेम्स वॅटने ग्लासगो विद्यापीठातील नमुना दुरुस्त करताना ओळखले आणि १७६५ मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची युक्ती त्याला सुचली. मग पहिली मोठी यंत्रे कामाला लागायला १७७६ का उजाडावे लागले? पैशांची अडचण होती, एवढ्या उत्तराने समाधान होत नाही.

खरादवाला

पैशांची अडचण खरीच होती. भागीदार जॉन रोबक १७७३ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि पोटासाठी वॅटला कालव्यांच्या मोजण्या कराव्या लागल्या. पण माझ्या मते खरी गाठ सिलिंडरपाशी होती. न्यूकोमेनच्या यंत्रात दट्ट्याला चामड्याची कड असे आणि वर पाण्याचा थर ठेवला की फटी बुजत, त्यामुळे सिलिंडर थोडा वाकडातिकडा असला तरी चालून जाई. वॅटला सिलिंडर सतत गरम ठेवायचा होता, म्हणजे पाण्याचा तो सोपा उपाय बाद झाला आणि चरबी लावलेल्या तंतूंच्या पॅकिंगवर भिस्त ठेवावी लागली. त्यासाठी आतला पृष्ठभाग गोल आणि सरळच हवा.

त्या काळच्या बोअरिंग यंत्रात, म्हणजे सिलिंडर आतून कातणाऱ्या यंत्रात, हत्यार एकाच टोकाला आधार असलेल्या दांड्यावर असे. ते स्वतःच्या वजनाने सिलिंडरच्या तळाला टेकून ओतकामातील खाचखळग्यांमागेच फिरे, म्हणून सिलिंडर गुळगुळीत होई, पण सरळ होत नसे. लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन याने १७७४ मध्ये तोफा पोखरण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी सिलिंडरसाठी वेगळे यंत्र उभारले. त्यात दांडा सिलिंडरमधून आरपार जाई आणि त्याला दोन्ही टोकांना आधार मिळे. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये कोठेही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढीदेखील चूक नाही, असे वॅटचा नवा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लिहून ठेवले आहे. आजच्या मशिन शॉपमध्ये हे माप कोणी चालवून घेणार नाही, पण तेव्हा याच मापाने काम मार्गी लागले.

कोळसा-कोठार

वरील उत्तर पटते, मात्र बाजाराची बाजूही पाहायला हवी. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी विकता न येणारा बारीक कोळसा जवळजवळ फुकट मिळत असल्याने तेथील मालकांना वॅटच्या यंत्राची निकड नव्हती आणि न्यूकोमेनची यंत्रे पुढेही कित्येक दशके चालू राहिली. वॅटला खरे गिऱ्हाईक मिळाले ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये. तेथे तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या, पण कोळसा वेल्समधून जहाजाने आणावा लागे. बोल्टन आणि वॅट जुन्या यंत्राच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा मागत. ही रक्कम पेटंटच्या मुदतीपर्यंत भरावी लागे आणि संसदेने १७७५ मध्ये ती मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली होती. खाणमालकांची कुरकुर शेवटपर्यंत थांबली नाही.

जिज्ञासू

म्हणजे विल्किन्सनला या व्यवहारात नेमके काय मिळाले?

खरादवाला

बोल्टन आणि वॅट सिलिंडरसाठी गिऱ्हाइकांना बहुतेक वेळा त्याच्याकडेच पाठवत, हा मोठा लाभ होता. शिवाय १७७६ मधील पहिल्या यंत्रांपैकी एक त्याच्याच लोखंडाच्या भट्टीत हवा फुंकण्यासाठी बसवले गेले. पुढे त्याने हिस्सा न देता परस्पर अशी यंत्रे बांधल्याचे १७९० च्या दशकात उघड झाले आणि भागीदारांशी त्याचे बिनसले. सिलिंडर तोच कातत असल्यामुळे त्याला ते जमणे अवघड नव्हते.