पालखीच्या दिवशी शहरात खाणं वाटायलाच हवं का?

शनवारातला
दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावर जरा उभं राहून बघा. पन्नास पावलांवर एक मांडव. केळी, बिस्किटांचे पुडे, पोहे, उपीट, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या. आणि मागे फ्लेक्स, ज्यावर माउली कोपऱ्यात आणि भाऊंचा चेहरा मध्यभागी.

यंदा एक मावशी बघितल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, एका हाताने ते सावरलेलं, दुसऱ्या हातात दोन केळी. समोरून एक पोरगा पोह्यांचा द्रोण पुढे करतोय, त्याचा मित्र मोबाईल धरून तयार. मावशी म्हणाल्या, "आरं बाबा, धरू कशात?" पोराने द्रोण वृंदावनाच्या कडेला टेकवायचा प्रयत्न केला! फोटो मात्र मिळाला असणार.

दिंडीची चाल मोडते, रात्री लक्ष्मी रस्त्यावर द्रोण आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा खच पडतो, तो सफाई कामगार उपसतात. निम्मं वाटप तरी बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाना पेठ
साहेब, फर्ग्युसनवरून वारी बघणाऱ्यांना तेवढंच दिसतं. आमच्याकडे या. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. दोन रात्री इथली प्रत्येक शाळा, देऊळ, जिना, दुकानाची फळी माणसांनी भरलेली असते. पहाटे चारला चहा आणि आंघोळीला गरम पाणी कोण देतं? गल्लीच देते. कोणी फुकट दाढी करून देतो, कोणी चपला शिवून देतो, कोणी पाय चेपतो. फ्लेक्सवाल्यांच्या रागाने या सगळ्यांना एका काठीने हाणू नका.

तुळशीमाळ
दरवर्षी दिंडीत असतो म्हणून लिहितोय. नंबराच्या, म्हणजे सोहळ्यात नोंदलेल्या दिंडीत आम्ही जेवणाखाण्याची भिशी भरतो. ट्रक पुढे जातो, आचारी आमचे, जेवण वेळेवर. अशा दिंडीतल्यांना पोह्यांची गरज नसते, नाही म्हणवत नाही म्हणून घेतात. पण दिंडीबाहेरचे मोकळे वारकरी पुष्कळ असतात. मराठवाड्यातून नुसती पिशवी घेऊन आलेली म्हातारी माणसं. ती अशा वाटपावरच पंढरपूर गाठतात. त्यामुळे "बंद करा" हे मला पटत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र पुणेकरांनी ऐकाच. माउलींची पालखी पुण्यातून निघते तो दिवस बहुतेक एकादशीचा. सासवडपर्यंत तीसेक किलोमीटर, मध्ये दिवे घाट, आणि पोटात उपास. त्या सकाळी हडपसरला आमच्यासमोर वडापावच्या पराती! वारकऱ्याला एकादशीला वडापाव? कॅलेंडर बघायला काय पैसे पडतात?

फुरसुंगीकर
खाण्याचं तुम्ही बघा, मी रस्त्याचं बोलतो. पालखी निघायच्या दिवशी सोलापूर रस्ता पहाटेपासून बंद. ते मान्य, वर्षातून एकदा होणारच. पण पालखी पुढे गेल्यावरही रस्ता मोकळा होत नाही, कारण मांडव अर्ध्या रस्त्यात, टेम्पो त्याच्या पुढे आणि वाटणारे त्याच्याही पुढे. रात्रपाळी करून घरी येणाऱ्याने कुठून यायचं?

नाना पेठ
तुकोबांची पालखी १६८५ पासून चाललीय. तुमचा रस्ता नंतर आला.

फुरसुंगीकर
१६८५ साली हडपसरला कोणी रात्रपाळी करत नव्हतं, काका. वारीला कोण नको म्हणतंय? टेम्पो गल्लीत लावा म्हणतोय.

कोथरूडची सून
२०२० आणि २०२१ ला पादुका एसटीने गेल्या. रस्ते मोकळे होते, कचरा नव्हता, एकही द्रोण नव्हता. बरं वाटलं होतं का कोणाला? माझ्या सासूबाई खिडकीत बसून होत्या दिवसभर. दर वर्षी त्या शेंगदाण्याचे लाडू घेऊन अलका चौकात उभ्या राहतात. फोटो नाही, फ्लेक्स नाही. त्यांचंही वाटप बंद करणार का?

शनवारातला
सासूबाईंना नमस्कार, त्यांच्याबद्दल नाहीच बोललो. यवतचं उदाहरण घ्या. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला येते तेव्हा गाव पिठलं-भाकरी करतं. घराघरांतून भाकरी गोळा होते, पिठलं मोठ्या कढयांत, पंगत बसते, लोक पोटभर जेवतात. एकच पदार्थ, एकच जागा, ठरलेली वेळ. आपल्याकडे एकाच माणसाला एका किलोमीटरमध्ये सात केळी आणि संध्याकाळी मुक्कामाला जेवणासाठी शोधाशोध.

तुळशीमाळ
यवतचं पिठलं खाल्लंय, त्याला तोड नाही. पण गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून कोणी किती भाकऱ्या द्यायच्या ते ठरतं. पुण्यात शेजारच्या मंडळाचं तोंड बघायचं नाही अशी परिस्थिती. एका मंडळाने पोहे ठेवले की दुसऱ्याने त्याच कोपऱ्यावर उपीट ठेवलंच.

नाना पेठ
हे मात्र खरं आहे 😀

शनवारातला
मग पालिकेने ठरवून द्यावं. या चौकात पाणी, त्या चौकात जेवण, फर्ग्युसनवर काहीच नाही.

नाना पेठ
पालिका? आमच्या गल्लीतला खड्डा आधी बुजवू दे, मग केळी मोजायला पाठवा. आमच्या मंडळाने यंदा निम्मे पैसे खाण्यावर न घालता टाचेच्या भेगांचं मलम आणि बँडेज घेतलं. कोणी सांगावं लागलं नाही.

फुरसुंगीकर
आमच्या सोसायटीत पुढच्या वर्षी पालखीच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी करायचं चाललंय. सोसायटीच्या आवारात, रस्त्यावर नाही. दहाच्या सुमारास तयार होईल.

तुळशीमाळ
दहाला आम्ही घाटाच्या वाटेला लागलेले असतो. खिचडी पहाटेच लागते. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घाला आणि मिरची बेताची टाका, चढ चढायचा असतो.